मोठी लाईन, छोटी लाईन आणि शिक्षकांची देवघेव

कुर्डुवाडीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना दोन गेज म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. फलाटाच्या एका अंगाला मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाईन. तिच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. दुसऱ्या अंगाला बार्शी लाईट रेल्वेची छोटी लाईन. तिचे अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी ही लाईन सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत पोचली. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा एकच नियम कॅलथ्रॉपने इंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्वांना लावला. त्यामुळे हलके रूळ चालले, पूल हलके झाले आणि खर्च आटोक्यात राहिला. स्वतःच्या हद्दीत ही व्यवस्था अतिशय शहाणपणाची होती. अडचण यायची ती हद्दीवर, म्हणजे आमच्या गावात.

लातूरकडून छोट्या लाईनने आलेले पोते कुर्डुवाडीला उतरवायचे, फलाट ओलांडायचा आणि मोठ्या लाईनच्या वाघिणीत चढवायचे. माझे वडील तिथल्या रेल्वे कारखान्यात होते. ते म्हणायचे, ‘पोतं मुंबईला जातं तसंच्या तसं, पण कुर्डुवाडीला थोडं सांडून जातं.’

हे सगळे मला २००१ साली नव्याने आठवले. मी तेव्हा पुण्यात एम.एस्सी. करीत होते. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी निरोप पाठवला होता की प्रकाशावरचे काही सोपे प्रयोग लिहून दे, इकडच्या चार-पाच शाळांतले शिक्षक मिळून करून पाहतील. मी उत्साहाने बारा पाने संगणकावर टाईप केली, आकृत्या काढल्या, फ्लॉपीवर घेतल्या आणि गावाकडे जाणाऱ्या एकाबरोबर पाठवून दिल्या. आठवड्याने सरांचे पोस्टकार्ड आले. ‘तुझी बारा पाने मिळाली. वाचणारा मिळाला नाही. कृपया हाताने लिहून पाठव.’

गावातल्या संगणक वर्गात ती फाईल उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टक्क्यांची चिन्हे, कंस आणि डॉलर यांची नुसती खिचडी दिसत होती. मी ज्या फाँटमध्ये टाईप केले, तो त्या संगणकावर नव्हता. छोट्या लाईनचे पोते हद्दीवर सांडले होते. मी मुकाट्याने सगळे हाताने लिहून बुकपोस्टाने पाठवले. सरांनी त्याच्या झेरॉक्स प्रती काढून वाटल्या. त्यांतली एक प्रत अलीकडेच माझ्या हाती आली, तिच्याबद्दल पुढे सांगते.

विज्ञान शिक्षकांनी आपापले साहित्य एकमेकांना देण्याचा इतिहास बहुतेक ठिकाणी इंटरनेटपासून सुरू केला जातो. तो तसा नाही. इंटरनेट आले तेव्हा ही देवघेव चांगली पन्नास वर्षांची झाली होती, आणि तिच्यातल्या काही चांगल्या सवयी नव्या माध्यमात यायच्या राहून गेल्या.

टपालाचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांतल्या शाळांच्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्या होत्या. अशा शाळांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी स्टीफन्सन या इंग्रज शिक्षकाने १९४८ साली युनेस्कोकरिता एक छोटी पुस्तिका तयार केली. विकतचे साहित्य मिळत नसेल तर डबे, बाटल्या, तारा यांतून उपकरणे कशी करावीत, हे तिच्यात होते. मग असे लक्षात आले की ज्या देशांत प्रयोगशाळा मुळात कधीच नव्हत्या, तिथे ही पुस्तिका जास्तच उपयोगी पडते. तिच्यात भर पडत गेली आणि १९५६ साली युनेस्कोचे विज्ञान शिक्षकांसाठीचे मोठे साधनपुस्तक निघाले. आपल्याकडच्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ उपकरणांपैकी बरीचशी या पुस्तकातून हिंडत हिंडत आलेली आहेत, हे फारसे कुणी सांगत नाही.

आपल्या देशात या कामाला वेगळे वळण मिळाले ते मध्य प्रदेशात. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली प्रयोगांवर आधारलेले विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांचा हा उपक्रम. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ इथले वैज्ञानिक त्यात आले. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे शिक्षकांची मासिक बैठक. परिसरातल्या शाळांचे विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा जमत आणि कोणता प्रयोग झाला, कोणता फसला, मुलांनी काय विचारले, याची चर्चा होई. फसलेल्या प्रयोगाची बातमी पुस्तक लिहिणाऱ्यांपर्यंत पोचायची आणि पुढच्या आवृत्तीत तो प्रयोग बदलायचा. मुलांच्या प्रश्नांना पत्राने उत्तर देणारा ‘सवालीराम’ हाही याच कार्यक्रमातला. २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे शिक्षकांच्या अनुभवावर घासून निघालेली पुस्तके शाळांतून गेली.

महाराष्ट्रात १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याच दशकात केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केले. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी यांनी पुढे भाषेचा मुद्दा आग्रहाने मांडला. मुले विज्ञानात अडतात तेव्हा पुष्कळदा ती विज्ञानात अडलेली नसतात, पुस्तकाच्या भाषेत अडलेली असतात, असे त्यांचे म्हणणे. हा मुद्दा ध्यानात असू द्या, कारण संगणक आल्यावर भाषेची अडचण अगदी निराळ्या रूपात परत आली.

मोडेम ते मंगल

संगणकाने शाळा जोडण्याची सुरुवात अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस झाली. नॅशनल जिऑग्राफिक संस्थेच्या एका उपक्रमात निरनिराळ्या गावांतली मुले आपल्याकडच्या पावसाची आम्लता मोजत आणि टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने आकडे पाठवत. सगळ्यांचे आकडे एका नकाशावर मांडले की आम्लपर्जन्य कुठे जास्त, कुठे कमी हे दिसे. मुलांनी मोजलेली माहिती इतर मुलांच्या उपयोगी पडावी, ही कल्पना इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर राबवली गेली.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत आणि प्रथम मोठ्या शहरांत. विद्यापीठे आणि संशोधन संस्था त्याआधीच जोडलेल्या होत्या. लहान गावांतल्या शाळेत ते यायला पुष्कळ वर्षे गेली. आले तरी मराठी शिक्षकापुढे तारेपेक्षा मोठा अडथळा होता, तो अक्षरांचा.

संगणकाला ‘क’ कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, याचा तक्ता आधी ठरवावा लागतो. अमेरिकेत ठरलेल्या जुन्या तक्त्यात १२८ जागा होत्या आणि त्या सगळ्या रोमन लिपी, अंक व चिन्हे यांनी भरलेल्या. १९९० च्या दशकात मराठी छपाईसाठी फाँट बनवणाऱ्या प्रत्येकाने एक युक्ती केली. तक्ता तोच ठेवायचा, फक्त चित्र बदलायचे. रोमन अक्षराच्या जागी पडद्यावर अर्धा ‘क’ काढायचा, एखाद्या चिन्हाच्या जागी काना काढायचा. छपाईपुरते हे उत्तम चालले. या काळातली मराठी पुस्तके आणि नियतकालिके अशाच फाँटांतून निघाली. पण एकाने अर्ध्या ‘क’ला जी जागा दिली, ती दुसऱ्याने वेलांटीला दिलेली असे. म्हणजे प्रत्येक कारखान्याचे गेज वेगळे. शिवाय फाईलमध्ये मराठी मुळात नव्हतेच, होती ती रोमन अक्षरे. फाँट काढून घेतला की मुखवटा गळून पडे. माझ्या बारा पानांचे झाले ते हेच.

गंमत म्हणजे योग्य तक्ता आपल्याकडे तयार होता. कानपूरच्या आय.आय.टी.त भारतीय लिप्यांवर काम झाले होते, ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले, आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ या नावाने भारतीय लिप्यांचा प्रमाण तक्ता मान्य केला. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना एकाच मोठ्या तक्त्यात जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली होती. ‘क’ ला मिळालेला क्रमांक २३२५. आज परितेवाडीत टाईप करा किंवा टोकियोत, ‘क’ म्हणजे २३२५.

यातली एक बारीक गोष्ट विज्ञानाच्या वर्गात सांगण्यासारखी आहे. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि ‘क’ नंतर. टंकलेखन यंत्रही तसेच करी, आणि जुने फाँटही. युनिकोडमध्ये मात्र आधी ‘क’ साठवला जातो, मग ऱ्हस्व इकार. म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. पडद्यावर दाखवताना संगणक वेलांटी अलीकडे आणून ठेवतो. दिसणे आणि असणे वेगळे केल्यामुळेच शोधणे, अकारविल्हे लावणे शक्य झाले. कुणी ‘किरण’ शोधले तर ‘किरण’ सापडू लागला.

तरीही काही जागा रिकाम्या राहिल्याच. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. तोपर्यंत विज्ञान शिक्षकाला ‘ॲसिड’ लिहिण्यासाठी ‘अ’वर चंद्र बसवण्याच्या कसरती कराव्या लागत आणि दुसऱ्या संगणकावर तो चंद्र सुटून बाजूला पडे. ‘आम्ल’ लिहा म्हणजे प्रश्न मिटतो, असे एका ज्येष्ठ मित्राने मला सुचवले होते. ‘ॲल्युमिनियम’चे काय करायचे, हे त्यांनी सांगितले नाही.

२००० साली निघालेल्या विंडोजमध्ये ‘मंगल’ हा युनिकोड फाँट आला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. हळूहळू सवय बदलत गेली. आमच्या गावातला गेजचा प्रश्नही याच सुमारास सुटत होता. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत पंढरपूर, लातूर आणि मिरज या तिन्ही दिशांची छोटी लाईन टप्प्याटप्प्याने मोठी झाली. फलाटावर पोती बदलणे संपले.

चित्राला फाँट लागत नाही

फाँटच्या या गोंधळातून एक माणूस सहज निसटला, तो म्हणजे अरविंद गुप्ता. कानपूरच्या आय.आय.टी.तून शिकलेला हा अभियंता पुण्याला टेल्कोत नोकरीला होता. रजा घेऊन तो १९७८ मध्ये होशंगाबादच्या कार्यक्रमात गेला आणि तिथे आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या बनवू लागला. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलभौतिकी संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून तिची ‘पुलस्त्य’ ही इमारत उभी राहिली. गुप्ता २००४ च्या सुमारास तिथे काम करू लागले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळण्यांची छायाचित्रे, छोटे चित्रपट आणि पुस्तके संकेतस्थळावर फुकट ठेवली, कोणीही घ्या, छापा, वाटा या बोलीवर. खेळणे कसे करायचे ते बहुतेक वेळा ओळीने लावलेल्या फोटोंवरूनच कळते. हातांचे फोटो कोणत्याही संगणकावर सारखेच दिसतात. चित्रपटांचे निवेदन मराठीसह अनेक भाषांत झाले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कामाचे मोल मोठे आहे. पण होशंगाबादच्या बैठकीहून ते एका बाबतीत वेगळे आहे, हेही पाहिले पाहिजे. इथे एका विहिरीवर हजारो लोक पाणी भरतात. विहिरीत भर घालणारे त्या मानाने थोडे.

परितेवाडीचा चौकोन

कुर्डुवाडी माढा तालुक्यात आहे, आणि परितेवाडीही. तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले. डिसले मूळचे बार्शीचे. म्हणजे हा धागा पुन्हा छोट्या लाईनच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन पोचतो. शाळेची एक खोली गोठा आणि साठवणीची खोली यांच्या मधोमध होती. डिसल्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर काळे-पांढरे चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, चिकटवायला सुरुवात केली. पालकाच्या मोबाइलने चौकोन टिपला की त्या धड्याची कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, स्वाध्याय उघडे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे चौकोन छापले जाऊ लागले. केंद्र शासनाने सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या व्यवस्थेतही पुस्तकाचे पान आणि संगणकावरचे साहित्य यांना जोडणारा दुवा हाच चौकोन आहे. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसल्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरच्या या पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ देशांच्या नऊ शिक्षकांत वाटून दिली.

हा चौकोन स्वतः एक विज्ञानाचा धडा आहे. मासाहिरो हारा आणि त्यांचे सहकारी यांनी तो १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने सरळ रेष ओढली तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. छापील कागदांवर हे प्रमाण सर्वांत कमी वेळा आढळते, असे हारांच्या चमूने असंख्य छापील नमुने तपासून ठरवले होते. म्हणून कॅमेऱ्याला गर्दीतही कोड चटकन सापडतो, उलटा धरला तरी. आणि कोडवर शाईचा डाग पडला किंवा कोपरा फाटला, तरी तो वाचता येतो. त्यात माहितीबरोबर काही जादा आकडे भरलेले असतात. हरवलेला भाग त्यांवरून गणिताने परत काढता येतो. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० साली दिलेली ही पद्धत. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतो. तेलाच्या हातांनी हाताळल्या जाणाऱ्या कारखान्यातल्या चिठ्ठीसाठी हे हवे होते, ते चौथीच्या पुस्तकालाही उपयोगी पडले. मूळ कंपनीकडे पेटंट होते, पण प्रमाण नमुन्याप्रमाणे कोड वापरणाऱ्यांवर तिने ते बजावले नाही. बजावले असते, तर परितेवाडीपर्यंत हा चौकोन पोचला असता का, याबद्दल मला शंका आहे.

मात्र चौकोनात धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. पत्त्यावरचे घर हलले की छापील पानावरचा चौकोन मुका होतो. गुरुजींनी आपल्या वर्गासाठी स्वतः चिकटवलेला चौकोन आणि राज्यभर छापलेला चौकोन यांत आणखीही एक फरक आहे. पहिल्यात चूक झाली तर मुले दुसऱ्या दिवशी सांगतात आणि गुरुजी संध्याकाळी बदलतात. दुसऱ्यात चूक कळवायची कोणाला, हेच शिक्षकाला पुष्कळदा ठाऊक नसते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एप्रिलपासून ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही राज्याची अभ्यासमाला रोज शिक्षकांच्या व्हॉट्सॲपवर येऊ लागली. शिक्षक ती पालकांना पाठवत. जे काम एरवी दहा वर्षांत झाले नसते ते काही आठवड्यांत झाले. खेड्यापाड्यातले शिक्षक ध्वनिचित्रफिती करू लागले, एकमेकांना देऊ लागले. तेव्हापासून ओघ थांबलेला नाही. माझ्याच मोबाइलवर विज्ञान शिक्षकांच्या तीन गटांतून रोज पंचवीस-तीस गोष्टी येतात.

तीन मेणबत्त्या

त्यातलीच एक गोष्ट सांगते. गेल्या पावसाळ्यात माढा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांची बैठक होती, तिला मी गेले होते. त्या आठवड्यात सगळ्यांच्या गटांत एक चित्रफीत फिरत होती. ताटलीत पाणी, पाण्यात उभी जळती मेणबत्ती, तिच्यावर उलटा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढते. निवेदन असे, की हवेतला एकपंचमांश ऑक्सिजन जळून गेला म्हणून पाणी एकपंचमांश चढले. आपण सर्वांनीच हे कधी ना कधी ऐकलेले आहे. माझ्या २००१ च्या हस्तलिखितातही शेवटच्या पानावर हा प्रयोग याच स्पष्टीकरणासह आहे! सरांनी जपून ठेवलेली ती झेरॉक्स प्रत बैठकीत कुणीतरी आणली होती, आणि मी माझीच चूक माझ्याच अक्षरात वाचली.

मागच्या बाकावरच्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, मी एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. ग्लास तोच. पाणी जवळजवळ निम्म्यापर्यंत चढलं. ऑक्सिजन काय तिप्पट झाला?’

बाईंचा प्रश्न बिनतोड आहे. ग्लास तोच, म्हणजे हवा तेवढीच आणि ऑक्सिजनही तेवढाच. वाढली ती उष्णता. ज्योतीवर ग्लास आणताना त्यातली हवा तापून प्रसरण पावते आणि काही बाहेर जाते. नीट पाहिले तर कडेने बुडबुडे निघताना दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच पाणी चढते ते मुख्यतः ज्योत विझल्यानंतर, भरकन. ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असते, तर जळत असतानाच सावकाश चढले असते.

हिशेब करूनही पाहता येते. मेणाचा एक नमुनेदार रेणू घेतला, पंचवीस कार्बनचा, तर त्याच्या ज्वलनात ३८ रेणू ऑक्सिजन जातो आणि २५ रेणू कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाण्याची वाफ थंड होऊन द्रवात जाते. म्हणजे सगळा ऑक्सिजन संपला असता, तरी आकारमानातली घट त्याच्या एकतृतीयांशाइतकी, एकूण हवेच्या सुमारे ७ टक्के. आणि सगळा ऑक्सिजन संपतच नाही. बंद ग्लासातली मेणबत्ती विझते तेव्हा हवेत सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरे, पण इतक्या झटपट नाही. एकपंचमांश हे उत्तर येते तो निव्वळ योगायोग. मेणबत्ती लहान-मोठी करून आपल्याला हवे ते उत्तर आणता येते.

या गैरसमजाच्या चिवटपणावर अमेरिकेतल्या रसायन शिक्षणाच्या नियतकालिकात १९९९ साली लेखही आलेला आहे. तरी चित्रफीत फिरतेच आहे. बाईंना विचारले, तुमच्या तीन मेणबत्त्या तुम्ही गटात का टाकल्या नाहीत? त्या म्हणाल्या, ‘गटात सगळे चांगलं झालेलं टाकतात. फसलेलं कोण टाकणार? आणि ती चित्रफीत मोठ्या साहेबांनी पाठवलेली होती.’

होशंगाबादच्या बैठकीत हीच बाई उठून बोलली असती आणि पुस्तकाचे पान बदलले असते. आपल्या गटांत पान पाठवण्याची सोय आहे, पान बदलण्याची नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१५ पासून चालवलेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमात शिक्षकांच्या मोबाइल गटांचा उपयोग चर्चेसाठी मुद्दाम केला गेला, पण तो प्रामुख्याने इतर राज्यांत. आमच्या बैठकीत एवढेच ठरले की आपल्या बारा शाळांपुरती एक सामाईक वही संगणकावर उघडायची. प्रत्येक प्रयोगाला दोन रकाने, ‘असे झाले’ आणि ‘असे झाले नाही’, आणि कोणीही कोणाचेही दुरुस्त करायचे, दुरुस्त करणाऱ्याच्या नावानिशी. पहिली नोंद बाईंच्या तीन मेणबत्त्यांची. दुसरी माझ्या २००१ च्या चुकीची.

सावलीची वही

तिसरी नोंद सावलीची. कुर्डुवाडीचे अक्षांश सुमारे १८ अंश ५ मिनिटे. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो १२ मेच्या आसपास आणि जुलैच्या अखेरीस. पहिल्या वेळी सुट्टी असते, दुसऱ्या वेळी ढग. शून्य सावलीचा दिवस आमच्या मुलांना शाळेत क्वचितच दिसतो. म्हणून २३ सप्टेंबर निवडला. विषुवदिनी मध्यान्हीला सूर्य विषुववृत्तावर असतो, त्यामुळे काठी आणि सावली यांवरून निघणारा कोन म्हणजे थेट आपले अक्षांश.

जळगावचे एक ओळखीचे शिक्षक सामील झाले. जळगाव आमच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. रेखांशांत फरक जेमतेम दशांश अंशाचा. एरॅटॉस्थेनिसच्या दोन गावांपेक्षा ही जोडी सरस आहे, सायीन आणि अलेक्झांड्रिया इतकी सरळ रेषेत नव्हती. एक मीटरच्या काठीची सावली कुर्डुवाडीला ३२.६ सेंटिमीटर यायला हवी, जळगावला ३८.४. कोनांत फरक २.९ अंश, नकाशावर दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३२५ किलोमीटर. बाकी त्रैराशिक.

त्या दिवशी घड्याळात बाराच्या ठोक्याला सावली मोजायची नाही, हे वहीत ठळक लिहिले होते. आपले घड्याळ ८२.५ रेखांशाचे आहे. कुर्डुवाडी त्याच्या पश्चिमेला सात अंश, म्हणजे सूर्य सुमारे २८ मिनिटे उशिरा. सप्टेंबरअखेर सूर्य सरासरीपेक्षा सात-आठ मिनिटे पुढे असतो, ती वजा केली की मध्यान्ह १२ वाजून २१ मिनिटांच्या आसपास येते. तरी दोन शाळांनी बाराला मोजली.

बारा शाळांपैकी पाच ठिकाणी आभाळ होते. उरलेल्या सात शाळांचे आकडे वहीत आले, ३१.८ पासून ३५ पर्यंत. जळगावचा आकडा आला ३८.१. ‘असे झाले नाही’ या रकान्यात एका आठवीच्या मुलीने लिहिले आहे, ‘सावलीची कड नक्की कुठे संपते ते कळत नाही. एक सेंटिमीटर नुसते धुरकट आहे.’ सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणून एक मीटरच्या काठीच्या टोकाची सावली साधारण तेवढीच पसरट पडते. तिच्या नोंदीखाली जळगावच्या सरांनी लिहिले, काठीच्या टोकाला मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा लावा आणि भोकातून पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मोजा. हे सूचिछिद्राचे तत्त्व माझ्या जुन्या बारा पानांत पहिल्याच पानावर होते, पण मलाही ते सुचले नव्हते. आता २१ मार्चची वाट आहे. त्या दिवशी मध्यान्ह १२ वाजून ३६ मिनिटांच्या आसपास येईल, आणि आभाळ मोकळे असण्याची शक्यता सप्टेंबरपेक्षा पुष्कळच जास्त. पुठ्ठे कापून ठेवले आहेत.